पाहणारा नसलेला धूर

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत १९७५ सालच्या व त्यापूर्वीच्या पेट्रोलच्या गाड्यांना धुराच्या तपासणींतून सूट आहे. १९७६ ची गाडी मात्र तपासनिसापुढें उभी करावी लागते. मूळचीं धूर-नियंत्रक साधनें काढण्यास मनाई दोन्हींकडे सारखीच. भेद एवढाच कीं, एकीकडे पाहणारा आहे, दुसरीकडे नाहीं. मग १९७५ च्या ट्रकाचें इंजिन अधिक शक्तीसाठीं नव्यानें बांधणाऱ्या गृहस्थानें तीं साधनें ठेवावींत काय?

‘एका ट्रकानें कितीसा धूर होणार!’ हा युक्तिवाद आम्हांस लंगडा वाटतो. लॉस एंजेलिसचें धुरकें असंख्य गाड्यांच्या व तेल-कारखान्यांच्या वाफांवर ऊन पडून बनतें, असें हागेन-स्मित यांनीं १९५२ सालीं दाखविलें. त्यांतील प्रत्येक गाडी ‘एकच’ होती.

शिवाय शक्तीच्या नांवाखालीं पहिला बळी जातो तो थोडा धूर परत सिलिंडरांत नेणाऱ्या झडपेचा. ज्वलनाची उष्णता उतरवून नायट्रोजनचीं घातक संयुगें आवरणें हें तिचें काम. आणि पूर्ण जोर लावतांना ती बहुधा मिटलेलीच असते! खरी शक्ति येते ती घट्ट रिंगांनीं व अचूक जुळविलेल्या ठिणगीनें. त्याच रिंगा तेलाचा निळा धूरही थांबवितात.

सर्वत्र असा मेळ बसत नाहीं, हें खरें. कॉम्प्रेशन फार वाढविलें कीं तीं संयुगेंही वाढतात. तेथें कांहीं अश्वशक्ति सोडावी लागते. आमच्या मतें ती सोडावी. पण हा निर्णय पिस्टन निवडतांनाच झाला पाहिजे. इंजिन बंद झाल्यावर आंत काय घातलें आहे, तें घालणाऱ्यालाच ठाऊक.