कड्यावरचं नाव

दर मे महिन्यात अमेरिकेतले पोलीस सायकली काढून वॉशिंग्टनला निघतात. 1997 साली न्यू जर्सीतल्या फ्लोरहॅम पार्कचे पोलीस अधिकारी पॅट्रिक मॉन्टुओरे यांनी ही 'पोलीस युनिटी टूर' सुरू केली. पहिल्या वर्षी 18 जण चार दिवस सायकल चालवत राष्ट्रीय पोलीस स्मारकापर्यंत पोचले. आता दोन हजारांहून अधिक जण निरनिराळ्या राज्यांतून येतात. प्रत्येकाने आधी देणगी जमवायची. तो पैसा स्मारकासाठी आणि पोलीस संग्रहालयासाठी जातो. प्रत्येकाच्या मनगटावर एक कडं असतं. त्यावर कर्तव्यावर प्राण गमावलेल्या एका पोलिसाचं नाव. यात्रा संपली की ते कडं त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायचं.

अशाच एका यात्रेत एक तरुण शिपाई होता. पाय भक्कम, सायकल नवी कोरी. दोघादोघांच्या रांगेत, सगळ्यांनी एका चालीने जायचं, हे त्याला जड जात होतं. शेजारी निवृत्त सार्जंट. चढ लागला की त्याला धाप लागायची, तरी बोलणं थांबायचं नाही. आपल्या कड्यावरचा माणूस किती हट्टी होता, मासेमारीचं त्याला कसं वेड होतं, हेच चाललेलं. तरुण ऐकल्यासारखं करी आणि हँडलवरच्या मीटरकडे बघे.

वॉशिंग्टन आलं. स्मारकाच्या वळणदार, करड्या भिंतींवर वीस हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. अकारविल्हे नाहीत, म्हणून आधी सूचीत फलक आणि ओळ शोधावी लागते. माणसं नावावर कागद धरून वर पेन्सिल घासत होती. कागदावर एकेक अक्षर पांढरं उमटत होतं.

तरुणाच्या कड्यावरच्या माणसाची बायको आली होती. आता थकलेली, हातात काठी. त्याने कडं तिच्या तळहातावर ठेवलं आणि उत्साहाने सांगितलं, "सुमारे तीनशे मैल, बाई. पावसातसुद्धा थांबलो नाही."

"फार कष्ट घेतलेस, पोरा," ती म्हणाली. "त्याच्याबद्दल तुला काय माहीत आहे?"

त्याला फलक माहीत होता, ओळ माहीत होती, मृत्यूची तारीख माहीत होती. आणखी काही नाही. तो गप्प राहिला.

ती रागावली नाही. बाकावर बसली, त्यालाही बसवलं. "रात्रपाळीहून आला की बूट पायरीवरच काढायचा, लेकीची झोप मोडू नये म्हणून. त्या रात्री एका गाडीचा मागचा दिवा बंद होता, म्हणून त्याने ती थांबवली. सकाळी पायरी रिकामी होती, तेव्हाच मला कळलं." मग ती बराच वेळ बोलत राहिली. जेवणातल्या खोडी, गाडी चालवताना बेसूर गाणं, लेकीच्या शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणं. तरुणाने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

एवढं अंतर कापून नाव पोचवलं, तरी माणूस मागेच राहिला होता. भिंतीला नाव पुरतं. माणूस जपायला त्याची गोष्ट ठाऊक असणारं कुणीतरी लागतं. माझ्या मते या यात्रेतलं खरं वजन मैलांपेक्षा त्या बाकावरच्या गप्पांत आहे.

पुढच्या वर्षी त्याला नवं नाव मिळालं. सरावाला सुरुवात करण्याआधी त्याने त्या पोलिसाच्या गावच्या ठाण्यात फोन लावला आणि त्याच्यासोबत काम केलेलं कुणी भेटेल का, असं विचारलं.