ऐकणारे किती हवेत?

इंदापूर

चि. सानिकास अनेक आशीर्वाद.

‘व्हायोलिन शिकतेय, पण बारामतीत हे ऐकणार कोण?’ असं तू लिहिलंस. थोडी पॅरिसची हकिकत सांगतो.

एकोणिसाव्या शतकात तिथल्या मोठ्या घरांतल्या बायका ठरलेल्या वारी दिवाणखाना उघडत. लेखक, चित्रकार, वादक जमत. गायिका पॉलीन व्हियार्दोच्या बैठकीत कादंबरीकार तुर्गेन्येव्ह घरचाच. तरुण गाब्रिएल फोरेही तिथे जाई. व्हायोलिन-पियानोचा आपला पहिला सोनाटा त्याने पॉलीनच्या मुलाला अर्पण केला. प्रकाशकाने तो छापला, पण मोबदला दिला नाही. 1877 मध्ये तो जाहीर वाजला, तेव्हा पियानोवर फोरे स्वतः होता.

सेझार फ्रांकचा सोनाटा 1886 चा. व्हायोलिनवादक युजेन इझाईला लग्नाचा आहेर म्हणून लिहिलेला आणि लग्नाच्याच दिवशी पाहुण्यांपुढे वाजलेला. त्याचा शेवटचा भाग नक्की ऐक. सुरावट आधी पियानो म्हणतो, व्हायोलिन जरा मागून तीच म्हणतं. आपल्याकडे पेटी गाणाऱ्याच्या मागे जाते. इथे पुढे कोण, मागे कोण, हे ठरलेलं नाही. चार हातांवर बसलेल्याला दोन्ही वाद्यं स्वच्छ ऐकू येतात, म्हणून कुणालाच दुसऱ्याआड लपता येत नाही. मोजक्या जाणत्यांसाठी लिहिताना अशी जोखीम घेता येते.

हे तुझ्या गावाला नवीन नाही. मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीला आले आणि 1794 मध्ये तिथेच वारले. पेशवाईचं राजधानीचं शहर पुणं. पंतांनी मात्र कऱ्हेकाठी पुराण सांगितलं, आर्या रचल्या. त्यांच्या आर्यांची घडण पाहा: दोन्ही ओळींना तीस-तीस मात्रा, वजन सारखं. समोर बसलेल्यांच्या कानांवर पारखलेलं हे काव्य पुढे कीर्तनकारांच्या तोंडून महाराष्ट्रभर गेलं.

तेव्हा गर्दीची वाट पाहू नकोस. दिवाळीत इकडे ये, भावाला कीबोर्डसकट आण. मी, तुझी आजी आणि शेजारचे मास्तर, एवढे पुरे. फक्त कीबोर्डचा आवाज बारीक ठेवायचा नाही.

तुझा,
आप्पाआजोबा