भूक संपल्यावरचं जेवण

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी काहींची खाऊच्या काउंटरवर धांदल उडते. पोटं भरलेली, तरी हातात मिकीच्या आकाराच्या कुरमुऱ्यांच्या वड्या! आधीच पैसे भरून घेतलेल्या ‘डायनिंग प्लॅन’मधले जेवणखाण्याचे उरलेले क्रेडिट चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री बाद होतात, ते सोडवत नाहीत.

कोविडमध्ये बंद पडलेली ही योजना जानेवारी 2024 मध्ये परतली. तेव्हा स्वस्तातला प्लॅन मोठ्या माणसाला रात्रीमागे सुमारे 57 डॉलरला होता: काउंटरवरची दोन जेवणं, एक खाऊ आणि हॉटेलात पुन्हापुन्हा भरून मिळणारा मग. भरपूर खाणाऱ्याला परवडतो, सॅलडवर भागणाऱ्याला नाही. हिशेब एवढाच.

खरा प्रश्न वेगळा आहे. आधी पैसे मोजून माणूस मोकळा होतो की बांधला जातो? प्रेलेक आणि लोवेन्स्टाइन या संशोधकांनी 1998 मध्ये मांडलं, की आधीच पैसे भरले की उपभोगताना खर्चाची बोच कमी होते. पोराने आइस्क्रीम मागितल्यावर बापाची नजर दरफलकाकडे जात नाही, हे सुख काही खोटं नव्हे. पण आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा 1985 चा प्रयोग उलटी बाजू दाखवतो: नाटकांचं हंगामी तिकीट पूर्ण दराने घेतलेले लोक सवलतवाल्यांपेक्षा सुरुवातीला जास्त प्रयोगांना गेले. गेलेला पैसा असा फरफटत नेतो.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचं नाव उगाच चंगळीशी जोडलं जातं. त्याच्या मते भुकेल्याला भाकरी-पाण्यातही परमसुख मिळतं. भूक नसताना तो खाऊच्या या रांगेत उभा राहिला नसता.