पणाला लागलेली वर्षे

साहस भांडवल, म्हणजे व्यवहारात ज्याला व्हेंचर कॅपिटल म्हटले जाते ते, कर्जही नव्हे आणि दानही नव्हे. गुंतवणूकदार नव्या कंपनीला पैसा देतो, त्याबद्दल व्याज किंवा तारण न मागता मालकीचा हिस्सा घेतो, कंपनी बुडाली तर पैसा बुडाला असे धरून चालतो आणि ती वाढली तर काही वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. यातला 'साहस' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. त्याच्या मुळाशी 'सहस्' म्हणजे बळ आहे, आणि धर्मशास्त्रात वादांचे जे अठरा प्रकार, म्हणजे व्यवहारपदे, सांगितली आहेत त्यांत साहस हे बळजोरीने केलेल्या गुन्ह्याचे नाव आहे. आजच्या मराठीत मात्र तोच शब्द गौरवाचा झाला आहे. एखादे कृत्य धाडस ठरते की बळजोरी, हे पणाला काय लागले यापेक्षा ते कोणाचे होते आणि लावले कोणी यावरून ठरते. विद्यार्थ्यांना नवउद्योगाची वाट दाखवताना हा प्रश्न सहसा शेवटी येतो किंवा येतच नाही. तो आरंभीच यायला हवा.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले, १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' हा उपक्रम सुरू केला आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने नवउद्योगांसाठी स्वतंत्र धोरण आखले. आज ताडोबाच्या कडेच्या गावातून पदवीसाठी शहरात गेलेल्या मुलामुलींच्या कानांवर स्टार्टअप, फंडिंग, पिच हे शब्द पडतात आणि ते पडणे चांगलेच आहे. गरीब घरातल्या तरुणाजवळ तारण नसते, तारणाशिवाय मोठे कर्ज मिळत नाही, आणि म्हणून उद्योगाचे धाडस पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या घरी आधीच पैसा होता त्यांनाच परवडत आले. जो पैसा जमिनीचा उतारा न पाहता माणसाची कल्पना आणि कुवत पाहतो, त्याच्या बाजूने नैतिकदृष्ट्या बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते मान्य केल्यावाचून पुढचा विचार प्रामाणिक होणार नाही.

या पैशाचे गणित मात्र उघडपणे समजून घ्यावे लागते. भारतात असे निधी सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली येतात आणि त्यांत पैसा घालणाऱ्याची किमान रक्कम साधारणपणे एक कोटी रुपये असते. निधीचे आयुष्य बहुधा दहा वर्षांच्या आसपास ठरलेले असते, म्हणजे पहिल्या काही वर्षांत पैसा लावायचा आणि उरलेल्या वर्षांत तो वाढवून परत करायचा. निधी एकाच कंपनीवर विसंबत नाही, वीस-तीस कंपन्यांत पैसा विभागतो. त्यांतल्या बहुतेक बुडतील किंवा जेमतेम तरतील आणि एखादीच इतकी वाढेल की सगळ्यांचे नुकसान भरून निघेल, हे त्यात गृहीत असते. या पद्धतीचे आद्य उदाहरण म्हणून जे नेहमी दिले जाते ते अमेरिकेतले आहे: हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयातील प्राध्यापक जॉर्जेस डोरिओ यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही संस्था निघाली, तिने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत सुमारे ७०,००० डॉलर घातले आणि पुढच्या साधारण दीड दशकात त्या हिश्श्याचे मोल पस्तीस कोटी डॉलरच्या वर गेले. संस्थेच्या एकूण कमाईचा फार मोठा भाग त्या एका कंपनीतून आला. उरलेल्या उद्योगांत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घातली त्यांची नावे या कथेत येत नाहीत.

तत्त्वज्ञानाचा प्रश्न इथे उभा राहतो. गुंतवणूकदाराला वीस पण लावता येतात, संस्थापकाला एकच, कारण त्याचे आयुष्य एक आहे. वीस ते तीस हे वय एकदाच येते आणि त्याचे तुकडे करून ते वीस कंपन्यांत विभागता येत नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'ने मराठी वाचकाला कर्मयोगाची, म्हणजे फळाची आसक्ती सोडून, पण कर्म न सोडता जगण्याची शिकवण पुन्हा नव्याने दिली, आणि उद्योजकतेच्या भाषणांत हल्ली तिचाच आधार घेतला जातो: अपयशाला भिऊ नये, फळाची चिंता करू नये, काम करत राहावे. हा उपदेश खोटा नाही, परंतु तो कोणाच्या तोंडी शोभतो हे पाहिले पाहिजे. ज्याने आपला धोका वीस ठिकाणी वाटून टाकला आहे त्याला एका कंपनीच्या बुडण्याबद्दल जी अलिप्तता वाटते ती हिशेबातून आलेली असते. ज्याचे सर्वस्व एकाच ठिकाणी आहे त्याला तीच अलिप्तता साधनेने मिळवावी लागते. पहिल्याने दुसऱ्याला निष्काम होण्यास सांगणे आणि स्वतः मात्र करारात फळाची तारीख, प्रमाण आणि अग्रक्रम लिहून घेणे, यात गीतेचा अर्थ उलटा होतो. हा दोष गुंतवणूकदाराच्या लोभापेक्षा रचनेत अधिक आहे, कारण त्यालाही आपल्या निधीतल्या पैशाच्या धन्यांना ठरल्या मुदतीत उत्तर द्यायचे असते.

अग्रक्रमाचे उदाहरण घेणे बरे. एखाद्या निधीने दोन कोटी रुपये घातले आणि त्यानंतर कंपनीचे मूल्य दहा कोटी धरले, तर निधीचा हिस्सा वीस टक्के होतो. पण करारात 'लिक्विडेशन प्रेफरन्स', म्हणजे विक्रीच्या वेळी आधी आपले मुद्दल काढून घेण्याचा हक्क, असेल आणि कंपनी पुढे दीड कोटीलाच विकली गेली, तर ते दीडच्या दीड कोटी निधीकडे जातात आणि कागदावर ऐंशी टक्क्यांचे मालक असलेल्या संस्थापकांच्या हाती काही उरत नाही. यात फसवणूक नाही. सही करणाऱ्याला हे ठाऊक होते किंवा असायला हवे होते. म्हणूनच मालकी म्हणजे टक्केवारी नव्हे, हे विद्यार्थ्याने पहिल्या गुंतवणुकीच्या आधीच शिकले पाहिजे.

महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न या संदर्भात अजून जिवंत आहे. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला आणि मग त्याने तिला पणाला लावले. जो स्वतःचा राहिला नाही त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोणता, असे तिने भर सभेत विचारले आणि भीष्मांनाही त्याचे निर्णायक उत्तर देता आले नाही. प्रत्येक नव्या गुंतवणुकीबरोबर संस्थापकाचा हिस्सा घटत जातो, संचालक मंडळात त्याचे मत कमी पडू लागते, आणि तरीही पगाराचा काही भाग शेअर्सच्या आश्वासनावर सोडून आलेल्या सहकाऱ्यांची वर्षे त्याच्याच शब्दावर लागलेली असतात. कंपनीवरचा ताबा गमावल्यानंतरही असे शब्द देत राहणाऱ्यापुढे द्रौपदीचाच प्रश्न उभा असतो. ती दासी ठरते की नाही एवढ्यापुरता तो प्रश्न मर्यादित नाही, शब्द देणाऱ्याचा अधिकार कुठे संपतो हेही तो विचारतो.

हे भांडवल प्रत्येक धंद्याला मानवतेच असेही नाही. मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे एक प्रमुख प्रवेशद्वार आहे, आणि इथल्या उपजीविकेचा मोठा भाग पर्यटनावर, म्हणजे जिप्सी, मार्गदर्शक, निवास आणि खानावळी यांवर चालतो. ताडोबाला १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि व्याघ्र प्रकल्प १९९५ मध्ये झाला. गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद राहते, मंगळवारी सफारी नसते, प्रत्येक फेरीत किती वाहने आत जातील याची संख्या ठरलेली असते. साहस भांडवल ज्या वाढीवर जगते ती दरवर्षी कित्येक पटींनी व्हावी लागते; मोहर्लीच्या फाटकातून दहापट गाड्या सोडता येत नाहीत, आणि सोडता येत नाहीत म्हणूनच तिथे वाघ आहे. तेव्हा इथल्या तरुणाने गाइडगिरी, होमस्टे किंवा मोहाफुलांवरच्या प्रक्रियेचा धंदा काढला आणि त्याला निधीवाल्यांनी नकार दिला, तर तो नकार त्याच्या कर्तृत्वावरचा शेरा समजू नये. बचत गट, सहकारी संस्था, बँकेचे कर्ज यांवर चालणारा, दहा घरांना वर्षानुवर्षे पोसणारा धंदा कमी प्रतीचा नसतो. त्याचा काळ वेगळा असतो एवढेच. मोहाचे झाड लावल्यापासून नीट फुलोऱ्यावर यायला साधारण दहा वर्षे लागतात. निधीची मुदत ज्या सुमारास संपते त्या सुमारास मोह पहिल्यांदा द्यायला लागतो आणि त्यानंतर कित्येक दशके देत राहतो.

या प्रदेशातल्या माडिया-गोंड समाजात नवे फळ किंवा नवे धान्य पेनांना, म्हणजे देवतांना, वाहिल्याशिवाय खात नाहीत, आणि अशा सणांना पंडुम म्हणतात. त्यांचा एक व्यावहारिक अर्थही आहे: फळ पिकण्याआधी कोणी एकट्याने ते तोडू नये, आणि ते कधी तोडायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवावे. फळावरचा अधिकार इथे काळाशी आणि समूहाशी बांधलेला आहे. हीच दृष्टी आधुनिक कायद्याच्या भाषेतही उतरली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर मिळणारा हक्क वारशाने पुढे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि २०१३ मध्ये गावाने ग्रामदान कायद्याचा मार्ग स्वीकारून शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय केला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्याआधी अभ्यास गटात प्रश्नाचा खल होतो. शेअर म्हणजे विकता येणारी मालकी. मेंढ्याचे जंगल म्हणजे विकता न येणारी मालकी. या दोन कल्पनांना एकाच ताळेबंदात बसवता येत नाही.

याचा अर्थ दोन्हींची गाठ पडूच नये असा नाही, पणाला काय आणि कोणाचे लागते हे स्पष्ट असले पाहिजे. आयुष्य पणाला लावण्याची परंपरा या दोन जिल्ह्यांत जुनी आहे: वरोऱ्याजवळचे आनंदवन, हेमलकशाचा १९७३ पासूनचा लोकबिरादरी प्रकल्प, आणि डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू झालेली 'सर्च' ही संस्था, जिच्या प्रेरणेने २००६ पासून 'निर्माण' हा उपक्रम तरुणांना आयुष्याचे प्रयोजन शोधायला लावतो. इथे पण लावणाऱ्याने स्वतःचेच आयुष्य लावले. ताडोबाचे नाव ज्याच्यावरून पडले असे सांगतात त्या तारू या गावप्रमुखाची आख्यायिकाही अशीच आहे. तो वाघाशी झुंजताना मेला, तलावाकाठी त्याचे ठाणे झाले आणि पौषात तिथे जत्रा भरू लागली.

गोंडवाना विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थिनीला ग्रामसभांचा बांबू, तेंदूपाने किंवा मोहाचा माल थेट खरेदीदारापर्यंत नेणारी कंपनी काढायची असेल, तर तिला भांडवल घेता येईल, पण मालकीचा हिस्सा द्यायचा तो कंपनीचा, जंगलाचा नव्हे, आणि ग्रामसभेशी होणारा करार निधीच्या मुदतीवर न बेतता पिकाच्या हंगामावर बेतावा लागेल. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातले काही आठवडेच चालतो. त्या आठवड्यांत सत्तर पानांचा पुडा बांधणाऱ्या बाईला पैसे त्याच हंगामात मिळाले पाहिजेत, कंपनीला पुढची गुंतवणूक मिळो वा न मिळो. हे कलम करारात पहिले असेल, तर निधीचा अग्रक्रम त्याच्या खाली येतो, आणि काही गुंतवणूकदार ते मान्य करणार नाहीत.