हजेरी कोणाच्या हाती?

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की बीरगावच्या आसपास उरला औद्योगिक वसाहतीची धुराडी दिसू लागतात. स्पाँज आयर्न आणि भंगार इथल्या भट्ट्यांत वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून त्यांची सळई बनून बाहेर पडते. हे काम करणारे बरेचसे हात ठेकेदारामार्फत आलेले असतात.

पाळी बदलताना फाटकावरच्या यंत्रापुढे रांग लागते. भट्टीवरचा कामगार गमछ्याला अंगठा पुसतो, काचेवर टेकवतो. यंत्र ओळखत नाही. तो पुन्हा पुसतो, जरा ओलसर करून टेकवतो. मागची रांग खोळंबते. वर्षानुवर्षे लोखंड हाताळून बोटांवरच्या रेषा झिजतात. ज्या कामाची हजेरी लावायची, त्याच कामाने हजेरीची खूण पुसून टाकलेली असते.

वहीचा काळ सुखाचा होता, असे मात्र कोणी म्हणू नये. तेव्हा हजेरी मुनशीच्या पेन्सिलीत असे आणि आपण इथे राबलो याचा कागद कामगाराजवळ नसे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९९०-९१ मध्ये भिलाई, कुम्हारी, उरला, टेडेसरा इथले कामगार उठले ते कायम नोकरी आणि जगण्यापुरता पगार मागत. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा भिलाईत खून झाला. १ जुलै १९९२ रोजी तिथेच रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या.

नियोगी यंत्राचे सरसकट शत्रू नव्हते. दल्ली-राजहराच्या लोहखनिज खाणींत पूर्ण यांत्रिकीकरणाचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांच्या संघटनेने माणसाचे काम न हिरावणाऱ्या अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. यंत्र आणायचे तर कोणाच्या भल्यासाठी, हा त्यामागचा प्रश्न होता. फाटकावरच्या यंत्रालाही तोच विचारायला हवा.

आज कामगाराजवळ नोंदींची वाण नाही. आधार बारा अंकी, भविष्यनिधीचा क्रमांक बारा अंकी. पूर्वी असंघटित कामावर असताना २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रममध्ये नाव घातले असेल, तर तिथला क्रमांकही बारा अंकी. यातून खरा लाभ झाला आहे. ठेकेदाराने पगारातून भविष्यनिधीचे बारा टक्के कापले आणि भरलेच नाहीत, तर फोनवरचे पासबुक ते उघडे पाडते. जी नोंद कामगाराला स्वतः पाहता येते, ती त्याच्या बाजूने बोलते. मात्र आधारवरच्या आणि भविष्यनिधीतल्या नावात एका अक्षराचा फरक पडला, की स्वतःचेच पैसे काढताना त्याचा दावा अडकतो.

फाटकावरची नोंद मात्र एकाच दिशेने वाहते. अंगठा, चेहरा, येण्याजाण्याची वेळ हे सारे मालकाच्या संगणकात जाते. महिनाअखेरी चार दिवस कमी भरले, तर कामगार दाखवणार काय?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याचे कलम ७ रोजगाराच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा मालकाला देते. आपली कोणती माहिती कशी वापरली जाते हे विचारण्याचा हक्क कलम ११ मध्ये आहे, पण तो संमतीने दिलेल्या माहितीपुरता. म्हणजे संमती विचारली नाही, म्हणून हिशेबही मागता येत नाही. ही त्रुटी किरकोळ नाही. शहरी वाचकासाठी खासगीपणा म्हणजे नको ते फोन आणि जाहिराती. उरल्यात तो थेट मजुरीचा प्रश्न आहे. जालन्याच्या सळईच्या कारखान्यांतून किंवा बुटीबोरीतून पाहिले, तरी कायदा हाच आहे.

उपाय अवघड नाही. अंगठा घेतला की त्या दिवसाची हजेरी आणि जादा तास कामगाराच्या फोनवर, त्याला वाचता येईल अशा भाषेत, त्याच संध्याकाळी पोचले पाहिजेत. अंगठा जुळला नाही तर दुसरी सोय फाटकावरच हवी, आणि त्या दिवसाचा पगार बुडता कामा नये. कलम ११ मध्ये रोजगाराची माहिती आणण्याची दुरुस्ती संसदेने करावी, आणि कामगार संघटनांनी ही मागणी पगारवाढीच्या मागणीशेजारी त्याच पत्रकात छापावी.