पत्र खरोखर पौलाचेच आहे का?



थेस्सलनीका येथील ख्रिस्तसभा नवी होती आणि छळ सोसत होती. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे अशी आवई तिथे उठली आणि श्रद्धावंत घाबरून गेले. आपल्याच नावाचे पत्र दाखवून कोणी त्यांना फसवीत असावे, अशी शंका संत पौलाला आली. म्हणून दुसऱ्या पत्रात त्याने त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. पत्र आमच्याकडून आल्यासारखे वाटले तरी एकदम डळमळू नका (2 थेस्सल 2:2). मी तुमच्यात असताना काय सांगितले होते ते आठवा (2:5). आणि शेवटी, माझ्या हाताचा नमस्कार हीच माझ्या प्रत्येक पत्राची खूण आहे (3:17).

आज हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे तुमच्या-आमच्या मोबाइलवर येणारे ई-मेल. पूर्वी आपल्या पारनेर तालुक्यातील कितीतरी घरी मुंबईहून मनीऑर्डर यायची. पोस्टमन ओळखीचा असायचा, सही किंवा अंगठा समोर घेतला जायचा. आता बँक, आयकर, विमा, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीचे बोलावणे, सगळे पडद्यावर येते आणि आणून देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. 'तुमचे खाते आज रात्री बंद होईल', 'आयकराचा परतावा मंजूर झाला आहे', 'नोकरी पक्की, नोंदणीचे पैसे भरा' असे लिहून खालच्या निळ्या ओळीवर बोट ठेवायला सांगतात. तिथे उघडणारे पान हुबेहूब बँकेचे असते, पण आपण भरलेला पासवर्ड जातो चोराकडे. या गळ टाकण्याला 'फिशिंग' म्हणतात.

आपल्या न्यायदर्शनात शब्दाला ज्ञानाचे प्रमाण मानले आहे, पण एका अटीवर: तो शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासू आणि जाणत्या माणसाचा असला पाहिजे. फिशिंग करणारा नेमके हेच आप्तपण चोरतो. म्हणून 'मजकूर खरा वाटतो का?' एवढे विचारून भागत नाही. 'बोलणारा तोच आहे का?' हे आधी पाहावे लागते. त्यासाठी पौलाच्या तीन सूचना आजही उपयोगी पडतात.

पहिली, खूण पाहा. ई-मेलवर वर दिसणारे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवून मागचा पूर्ण पत्ता उघडा आणि 'ॲट'च्या चिन्हापुढचा भाग शेवटाकडून वाचा. सरकारी खात्यांचे पत्ते सहसा 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' असे संपतात. रिझर्व्ह बँकेने 2025 साली भारतातील बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर नेण्यास सांगितले. बँकेचे नाव पत्त्याच्या मध्येच कुठेतरी आहे आणि शेवट भलताच आहे, तर सावध व्हा. इंग्रजी आर आणि एन जवळजवळ लिहिले की एमसारखे दिसतात, तेव्हा अक्षर न् अक्षर पाहा. निळ्या ओळीवर बोट दाबून धरले तर ती कुठे नेणार तो पत्ता बहुधा दिसतो. तोही असाच वाचा. पूर्वी अशुद्ध भाषेवरून लबाडी ओळखू यायची. आता यंत्रे शुद्ध मराठी लिहून देतात, त्यामुळे त्या खुणेवर विसंबू नका.

दुसरी, आधीचे बोलणे आठवा. हा माणूस किंवा ही बँक आपल्याकडे असे कधी मागेल का? ओटीपी, पिन, पासवर्ड कोणालाही सांगू नका, असे बँकाच वारंवार बजावतात. मग तीच बँक ते ई-मेलवर कसे मागेल? शिवाय ओळखीच्या माणसाचे खातेही चोराच्या हाती जाऊ शकते. तेव्हा पत्ता बरोबर असतो आणि लिहिणारा दुसराच. म्हणून शेवटची खात्री त्या ई-मेलच्या बाहेर करावी. त्यात दिलेल्या नंबरवर फोन करू नये. पासबुकावरचा नंबर लावावा, किंवा सरळ शाखेत जावे.

तिसरी, घाई करू नका. सप्टेंबर 2022 मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटसारख्या मोठ्या कंपनीची 1 कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली. कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने एका संचालकांना व्हॉट्सॲपवर संदेश आला की अमुक खात्यांत ताबडतोब पैसे भरा. पैसे गेले, आणि प्रमुखांनी असा संदेश पाठवलाच नव्हता हे नंतर कळले. तिथे ई-मेल नव्हता, पण रीत तीच होती. वरिष्ठाचा शब्द आणि घाई एकत्र आली की शिकलेला माणूसही विचारायचे विसरतो.

घाईची जोडीदार म्हणजे गुप्तता. लोयोलाचे संत इग्नेशियस सांगतात की सैतान खोट्या प्रियकरासारखा वागतो. आपले बोलणे मुलीने बापाला सांगू नये एवढीच त्याची धडपड असते, कारण सांगितले की त्याचा डाव संपतो. 'कोणाला सांगू नका' असे लिहिलेला ई-मेल म्हणूनच आधी घरात दाखवा. आईवडिलांनी मुलांना विचारण्यात कमीपणा नाही आणि मुलांनी त्यांच्यावर खेकसू नये.

तरीही कोणी फसले तर त्याला हसू नका. पाप चोरी करणाऱ्याचे आहे; सातवी आणि आठवी आज्ञा तो मोडतो. शरमेने गप्प बसलेला माणूस मात्र मोलाचा वेळ गमावतो. लगेच 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर आणि बँकेला कळवले तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. 'सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन' येथेही तक्रार नोंदवता येते. घरात बोलणी खावी लागतील या भीतीने कोणी हा फोन टाळत असेल, तर त्या नुकसानीत आपल्या जिभेचाही वाटा आहे.

एक आपल्या चर्चपुरते. 2019 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने इशारा दिला होता की धर्मगुरूंच्या नावाने भाविकांना ई-मेल पाठवून गिफ्ट कार्डे मागितली जात आहेत. आपल्याकडेही असे होऊ शकते. म्हणून सांगून ठेवतो: मी ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर कोणाकडेही पैसे मागणार नाही, गरीब रुग्णासाठी नाही आणि चर्चच्या कामासाठीही नाही. माझ्या नावाने तशी मागणी आली तर उत्तर देऊ नका. मिस्सानंतर मला भेटून विचारा. 'फादरांवर संशय कसा घ्यायचा?' असा संकोच नको. थेस्सलनीकाकरांनी आपले पत्र तपासावे असे खुद्द पौलालाच वाटत होते.

मेंढरे मेंढपाळाचा आवाज ओळखतात असे प्रभू येशू म्हणतो (योहान 10:4). ती ओळख रोजच्या सहवासाने येते. एकमेकांशी समोरासमोर बोलत राहिलो, तर परक्याचा आवाज आपल्याला वेगळा कळेल. प्रभू आपणा सर्वांना विवेकाचे दान देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू, पारनेर