संकर आणि शुद्ध बीज

सोयरीक जुळविताना आमच्या मंडळ्यांतूनही अद्याप बीजाची गोष्ट निघते. मुलगा शिकलेला आहे, निर्व्यसनी आहे, रविवारी उपासनेस येतो. पण त्याचे आजोबा कोणत्या जातीतून ख्रिस्ती झाले, किंवा त्याची आई कोणत्या प्रांताची, हे कळले की बोलणी थांबतात. कारण विचारले तर जातीचे नाव सहसा कोणी घेत नाही. ‘खाण तशी माती’ म्हणतात, नाहीतर ‘संकर झाला की बीज बिघडते’ असे शेतकऱ्याचे वाटावे असे वाक्य पुढे करतात. पांढुर्णा व सौंसर ह्या भागात असे वाक्य सहज पटते, कारण तेथे संत्र्याच्या बागा आहेत, आणि रोप, खुंट, कलम ही भाषा मुलांनाही समजते. आमचे म्हणणे इतकेच की, दाखला बागेतला द्यायचा असेल तर आधी बागेलाच विचारावे.

संत्र्याची बाग संत्र्याचे बी पेरून सहसा कोणी उभी करीत नाही. जंभेरीचे किंवा रंगपूर लिंबाचे बी वाफ्यात टाकतात. रोप पेन्सिलीइतके जाड झाले म्हणजे त्याच्या सालीला चीर देऊन चांगल्या संत्र्याच्या झाडावरचा डोळा तीत बसवितात व पट्टीने बांधतात. डोळा फुटून वाढीस लागला की खुंटाचा वरचा शेंडा छाटून टाकतात. चार-पाच वर्षांनी फळ येते ते त्या डोळ्याचे. जमिनीत पाणी शोधीत जाते ते जंभेरीचे मूळ. बाजारात त्या मुळाचे नाव कोणी काढीत नाही.

ही जंभेरी कोण? लिंबूवर्गीय झाडांच्या आनुवंशिक घडणीचा एक मोठा अभ्यास २०१८ साली ‘नेचर’ ह्या शास्त्रीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसते की जंभेरी व रंगपूर ही दोन्ही संत्र्याचे कुळ आणि महाळुंग ह्यांच्या थेट संकरातून झाली. कोणा माळ्याने हा संकर मुद्दाम घडविल्याची नोंद नाही. फुलावर बसणाऱ्या माशीचे ते काम असावे. मोसंबीत संत्रे व पपनस ह्या दोघांचे रक्त आहे. जेवताना पिळतो ते कागदी लिंबूही संकराचेच. आणि संत्र्याच्या कुळातील लागवडीच्या बहुतेक जातींतही पपनसाचा अंश सापडला. एवढ्या बागेत निर्भेळ घराण्याचे झाड शोधायचे म्हटले तर दिवस मावळेल.

फुलांच्या शौकीन लोकांत तर ह्याच शब्दाला मान आहे. ऑर्किड बाळगणाऱ्यांना रानात आपोआप झालेला संकर मिळाला तर त्याचे मोठे अप्रूप वाटते. काही शौकीन त्याचे आईबाप ओळखून तोच संकर घरी हाताने पुन्हा करून पाहतात, म्हणजे रानातली झाडे उपटावी लागत नाहीत. सिंगापूरला ॲग्नेस जोआकिम नावाच्या आर्मेनियन ख्रिस्ती बाईंच्या बागेतील अशाच एका ऑर्किडचे वर्णन १८९३ साली छापून आले. तो संकर बाईंनी केला की माशीने, ह्यावर पुढे पुष्कळ वर्षे वाद चालला. बाईंच्या श्रमाला तेथील सरकारी वारसा मंडळाने २०१६ साली मान्यता दिली. पण वाद मिटण्याची वाट न पाहता सिंगापूरने १९८१ सालीच त्या फुलाला राष्ट्रीय पुष्प केले होते. संकर म्हणून कोणी नाक मुरडले नाही.

येथे कोणी विचारील, मग रोपवाटिकेतला माणूस विजोड रोप उपटून का टाकतो? प्रश्न रास्त आहे. जंभेरीच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात. बहुतेक कोंब आईच्याच पेशींतून झालेले, हुबेहूब तिच्यासारखे असतात. परागापासून झालेला कोंब बहुधा वेगळा दिसतो, आणि तोच उपटला जातो. म्हणजे पाहा, जी स्वतः संकरातून जन्मली ती जंभेरी आपले रूप पिढ्यान्‌पिढ्या राखून आहे. ‘बिघडते’ हे म्हणणे येथे लागू पडत नाही. दुसरे असे की, बागवान आजोबा विचारीत नाही. मूळ सशक्त आहे काय, जेथे डिंक्या रोग पडतो तेथे टिकेल काय, एवढे पाहतो. म्हणून तशा जमिनीत कित्येक जण जंभेरीपेक्षा रंगपूर पसंत करतात. सारखी रोपे ही त्याची गरज, कारण बाग त्याची आहे. माणसांची बाग आमच्यापैकी कोणाच्या मालकीची आहे, की विजोड म्हणून आम्ही उपटावे?

जंभेरीवरून माणसांच्या विवाहाचा नियम आम्ही काढीत नाही. कोणी कोणाशी लग्न करावे हे झाड सांगू शकत नाही, आणि केवळ मिश्र आहे म्हणून कोणी चांगलाही ठरत नाही. पण ज्याने नकार देण्यासाठी बागेला साक्षीस बोलाविले त्याची साक्ष उलटली, एवढे खरे. आता त्याने खरे कारण सांगावे.

शब्बाथ शाळेतील शिक्षकांना मुले लेवीय १९ दाखवून विचारतात की, शेतात दोन जातींचे बी पेरू नये असे नियमशास्त्रात नाही काय? आहे. त्याच वचनात दोन प्रकारच्या सुताचे वस्त्रही मना केले आहे. तेव्हा टेरिकॉटचा सदरा घालून सोयरिकीच्या बैठकीत ते वचन काढणाऱ्याने थोडे पुढे वाचावे. मवाबी रूथ दाविदाची पणजी होती, आणि मत्तयाने वंशावळीत तिचे नाव गाळलेले नाही.

पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत असता लोकांनी दगड मारले, त्यावरून ही चाल पडली असे सांगतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात, माणसे मेलीही आहेत. गोटमार बंद व्हावी असे म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. मात्र दगड न मारताही नदी अडविता येते.

आईबापांनी प्रश्न विचारूच नयेत असे नाही. व्यसन, कर्ज, आजार, स्वभाव, पहिला संसार ह्यांविषयी अवश्य विचारावे; न विचारणे हाच निष्काळजीपणा. आजोबांची जात ह्या यादीत कोणत्या नात्याने बसते, ते विचारणाऱ्याने एकदा त्या मुलीला समोर बसवून सांगावे.